टोळ गेले कुठे?

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकांतून आपल्याला प्रेअरीवरच्या, म्हणजे अफाट गवताळ माळावरच्या, जीवनाची ओळख होते. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’मध्ये एक प्रसंग आहे. गव्हाचे पीक हाताशी आलेले असते. एकाएकी सूर्य झाकोळतो आणि आकाशातून टपटप टोळ पडू लागतात. थोड्याच दिवसांत सारे शिवार फस्त होते. लॉराच्या वडिलांना मजुरीसाठी दूर जावे लागते.

ही नुसती गोष्ट नव्हे. लॉराचे कुटुंब १८७४ साली मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्हजवळ आले व ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या घरात राहिले. तिथे जाणाऱ्या प्रवाशांना आज त्या जागी फक्त खळगा दिसतो. त्या वर्षांत रॉकी पर्वताकडून टोळधाडी येत. १८७५ सालच्या एका थव्याचा विस्तार आपल्या महाराष्ट्राहूनही मोठा असावा, असा अंदाज आहे.

मात्र १९०२ नंतर या जातीचा टोळ कोणालाही जिवंत आढळलेला नाही. असे का व्हावे?

टोळाची मादी जमिनीत अंडी घालते. धाडी नसत त्या वर्षांत ही जात रॉकी पर्वतातील नद्यांच्या खोऱ्यांपुरतीच उरत असावी. नेमकी तीच सुपीक जमीन वसाहतवाल्यांनी नांगरली, पाटाच्या पाण्याखाली आणली, तिथे गुरे चारली. त्यामुळे अंडी नष्ट झाली, असे जेफ्री लॉकवुड या कीटकशास्त्रज्ञाचे मत आहे. म्हणजे ज्या शत्रूपुढे शेतकरी हतबल होता, तो त्याच्याच नांगराने, त्याच्या नकळत संपला!

वाळवंटी टोळाचे तसे झाले नाही. त्याची पैदास दूरदूर पसरलेल्या, बहुतांशी न नांगरलेल्या कोरड्या प्रदेशांत होते. मे २०२० मध्ये तो विदर्भापर्यंत येऊन पोचला होता.

नांगरणीच्या वेळी नांगरामागून बगळे का चालतात, हे मुलांना विचारून पाहावे. उलथलेल्या मातीत त्यांना काय मिळते, हे मुलांनी शेतात जाऊन पाहिले, की प्रेअरीवरच्या टोळांचे काय झाले असेल, हे समजायला वेळ लागणार नाही. आणि मग पुढचा प्रश्न मुलेच विचारतील : आज आपल्या नांगराखाली, आपल्या नकळत, आणखी काय संपत असेल?