भारतातील क्रोनच्या आजाराचे प्रमाण

क्रोनचा आजार हा अन्नमार्गाचा दीर्घकालीन दाहक विकार आहे. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो; मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा आरंभ येथे तो अधिक आढळतो. न्यू यॉर्कमधील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अनेक दशके हा युरोप व उत्तर अमेरिकेचा रोग समजला जाई आणि भारतात तो दुर्मीळ मानला जाई. ही समजूत तपासून पाहण्यातील सर्वांत मोठी अडचण म्हणजे आतड्यांचा क्षयरोग.

क्षयरोगाशी साम्य

दोन्ही रोग आतड्याच्या त्याच भागाला ग्रासतात. पोटदुखी, ताप, जुलाब, वजन घटणे ही लक्षणे दोहोंत सारखीच असतात. आतडे अरुंद होणे व त्याच्या भिंतीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे सूक्ष्म पुंजके, तयार होणे हेही दोहोंत घडते. मध्यभागी मृत पेशींचा लगदा असलेले ग्रॅन्युलोमा किंवा प्रत्यक्ष जिवाणू सापडल्यास क्षयाचे निदान पक्के होते. पण अनेक क्षयरुग्णांच्या नमुन्यात यांपैकी काहीच मिळत नाही. टंडन व प्रकाश यांनी १९७२ साली या दोन रोगांतील विकृतिशास्त्रीय फरक मांडला, तरी रुग्णालयांतील संभ्रम संपला नाही.

या संभ्रमाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. क्रोनच्या रुग्णाला महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली, तर तेवढ्या काळात दाह चालूच राहून आतडे अधिक अरुंद होऊ शकते. उलट क्षयरुग्णाला क्रोनचा समजून स्टेरॉइड किंवा इतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास क्षय शरीरभर पसरण्याचा धोका असतो. हा दुसरा धोका अधिक गंभीर असल्याने भारतात संशयित रुग्णास प्रथम क्षयाचे उपचार देऊन काही आठवड्यांनी कोलोनोस्कोपीद्वारे व्रण भरले की नाही हे पाहण्याची पद्धत रूढ आहे. केवळ बरे वाटणे हा पुरावा धरला जात नाही, कारण क्रोनच्या काही रुग्णांनाही या औषधांच्या काळात तात्पुरता आराम पडतो.

आकडेवारी

ठरावीक वेळी लोकसंख्येत असलेल्या एकूण रुग्णांच्या प्रमाणास व्याप्तिदर म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीत २०११ साली क्रोनचा व्याप्तिदर दर लाख लोकांमागे सुमारे २४७ होता. तेथील जवळजवळ सर्व रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र जोडलेल्या असल्याने असा आकडा काढता येतो. भारतातील बहुतेक माहिती मोठ्या शहरांतील रुग्णालयांची आहे. तिच्यावरून रोगाचे स्वरूप समजते, व्याप्तिदर नव्हे.

घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचे प्रसिद्ध उदाहरण पंजाबातील आहे. त्यात ५१,९१० व्यक्तींमध्ये २३ रुग्ण आढळले, म्हणजे दर लाखामागे ४४.३. तथापि ही संख्या व्रणयुक्त बृहदांत्रदाह या निकटच्या आजाराची आहे. ती क्रोनच्या आजाराची म्हणून उद्धृत करणे चूक ठरेल.

जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात या दोन्ही आजारांचे मिळून रुग्ण १९९० मध्ये सुमारे १.३ लाख, तर २०१९ मध्ये सुमारे २.७ लाख होते. त्याच काळात लोकसंख्याही दीडपटीहून अधिक झाल्याने या वाढीचा मोठा भाग लोकसंख्यावाढीचाच आहे. शिवाय २.७ लाख म्हणजे दर लाखामागे जेमतेम २०. पंजाबात एकट्या बृहदांत्रदाहाचा दर याच्या दुपटीहून अधिक निघाला होता. गणिती प्रतिमानातून आलेला हा अंदाज त्यामुळे सावधपणेच वाचावा लागतो.

स्थलांतरितांमधील प्रमाण

क्रोनच्या आजाराशी निगडित असलेले एनओडी२ या जनुकातील तीन पाश्चात्त्य बदल भारतीयांत क्वचितच आढळतात. एके काळी यावरून भारतीयांना हा रोग होण्याची शक्यता कमी असावी असा तर्क केला जाई. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मुलांच्या पाहणीने, जी २००७ साली प्रसिद्ध झाली, या तर्काला छेद दिला. तेथे दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांमध्ये क्रोनच्या नव्या रुग्णांचा वार्षिक दर लाखामागे ६.४१ होता, तर इतर मुलांमध्ये ३.६९. क्षयाचा प्रादुर्भाव अत्यल्प असलेल्या प्रदेशातील ही निदाने असल्याने त्यांत दोन रोगांची गल्लत होण्याचा संभवही कमी होता.