बर्फावर आणि कयाकमध्ये एकच ‘फिश फाइंडर’ चालेल का?

रायपूरला लागून असलेले बीरगाव हे कारखान्यांचे शहर आहे. उन्हाळ्यात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि तलावावर बर्फाचा थर जमणे ही येथे कल्पनेतीलच गोष्ट ठरते. तरीही गळाने मासे धरण्याची हौस असलेल्या बीरगावच्या एखाद्या रहिवाशाने सुमारे ९० किलोमीटरवरील गंगरेल जलाशयावर नेण्यासाठी मासे शोधणारे यंत्र मागवायचे ठरविले, तर त्याच्यापुढे येणाऱ्या अनेक लहान यंत्रांच्या वर्णनात ‘आइस’ आणि ‘कयाक’ हे दोन शब्द आढळतील.

याचे कारण सरळ आहे. हातात उचलून नेता येतील अशी ही यंत्रे प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील सरोवरांसाठी तयार केली जातात. ‘दहा हजार सरोवरांचे राज्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिनेसोटात किंवा कॅनडातील ओंटारियोत हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराला भोक पाडून त्यातून गळ सोडतात, तर उन्हाळ्यात त्याच पाण्यात वल्ह्याची अरुंद होडी, म्हणजे कयाक, घेऊन उतरतात. दोन्ही ऋतूंना पुरेल असे एकच यंत्र हवे, ही तेथील ग्राहकाची स्वाभाविक मागणी असते. तेथे स्थायिक झालेल्या आणि हा छंद जडलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न थेट उभा राहतो. बीरगावच्या किंवा उजनीकाठच्या ग्राहकापुढे तो वेगळ्या रूपात येतो: बर्फासाठी दिलेल्या सोयींचे पैसे आपण का मोजावेत? पुढील विवेचनावरून दिसेल की, त्यांतील काही सोयी आपल्या जलाशयांवरही उपयोगाच्या आहेत आणि काही निव्वळ ओझे आहेत.

यंत्र पाहत नाही, ऐकते

‘फिश फाइंडर’ हे नाव थोडे फसवे आहे. या यंत्राला मासा दिसत नाही. पाण्यात सोडलेला ट्रान्सड्यूसर हा भाग माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे लहान लहान स्पंद खाली पाठवितो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून खोली आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून रंग ठरतो. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात विकसित होऊ लागलेले हे तंत्र जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासेमारीसाठी व्यावहारिक स्वरूपात बाजारात आणले. अमेरिकेत लॉरन्स कुटुंबाने १९५७ पासून हौशी मासेमारांसाठी लहान यंत्रे बनविण्यास सुरुवात केली.

माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्यापेक्षा फारसे वेगळे नसते. जोरदार प्रतिध्वनी येतो तो प्रामुख्याने त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून. घोळ माशाचा हाच अवयव ‘बोत’ या नावाने मोठ्या किमतीला विकला जातो, हे पालघरच्या किनाऱ्यावरील वाचकांना सांगावयास नको. याउलट बोंबलाला वाताशयच नसतो. त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण येतो. ज्या माशावर मुंबईच्या कोळीवाड्यांचा संसार उभा राहिला, तोच या यंत्राच्या कानाला नीट ऐकू येत नाही, ही गमतीची गोष्ट म्हणावी लागेल. गोड्या पाण्यातील कटला, रोहू आणि मृगळ यांना मात्र मोठे वाताशय असते. त्या दृष्टीने जलाशयातील ग्राहक भाग्यवान आहे.

स्थिर भोक आणि चालती होडी

बर्फावरचा मासेमार एका जागी बसलेला असतो, तर कयाक सतत पुढे सरकत असते. एकाच यंत्राकडून दोन्ही ठिकाणी काम घेण्यातील बहुतेक अडचणी या एका फरकातून निर्माण होतात.

यंत्राच्या पडद्याची उजवी कड म्हणजे चालू क्षण. डावीकडे सरकत जाणारे चित्र म्हणजे घडून गेलेला वेळ. होडी माशावरून पुढे जाते तेव्हा मासा ध्वनीच्या शंकूत शिरतो, मध्यावर येतो आणि बाहेर पडतो. शंकूच्या कडेवर असताना त्याचे अंतर किंचित जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी असते. म्हणून पडद्यावर कमान उमटते. बर्फावर यंत्र हलत नाही. खाली थांबलेला मासा तेथे कमानीऐवजी लांबच लांब आडव्या रेषेसारखा दिसतो. अशी रेषा पाहून ‘मोठा मासा आहे’ असा समज करून घेणे चुकीचे ठरते. ती केवळ मासा बराच वेळ तेथे असल्याची खूण असते.

या कारणास्तव बर्फावर ‘फ्लॅशर’ पद्धतीची यंत्रे लोकप्रिय आहेत. व्हेक्सिलारसारख्या कंपन्यांच्या या यंत्रांत गोल तबकडीवर रंगीत पट्टे उजळतात. भूतकाळ दाखविला जात नाही, पण गळाचे आमिष चार बोटे वर उचलले तर त्याच क्षणी त्याचा पट्टा वर सरकतो आणि मासा आमिषाकडे येऊ लागला तर तेही लगेच समजते. कयाकमध्ये मात्र इतिहास हवा असतो, कारण आपण कशावरून पुढे आलो हे पाहून मागे वळावयाचे असते. आजच्या अनेक लहान यंत्रांत नेहमीचा सरकता पडदा आणि फ्लॅशरचे चित्र या दोन्ही सोयी असतात. दोन ऋतूंसाठी एकच यंत्र घेणाऱ्याने ही खात्री सर्वप्रथम करून घ्यावी.

गंगरेलवर किंवा उजनीवर नांगर टाकून गळ सोडून बसलेला माणूस हा एका अर्थाने बर्फावरच बसलेला असतो. त्याची होडी जवळजवळ स्थिर असते आणि गळ थेट खाली सोडलेला असतो. म्हणून फ्लॅशरची सोय त्यालाही उपयोगी आहे.

शंकूचे गणित

जाहिरातीत पडद्याच्या आकाराला मोठे स्थान असते. प्रत्यक्षात पडद्यापेक्षा महत्त्वाचा असतो ट्रान्सड्यूसरच्या शंकूचा कोन. २०० किलोहर्ट्झच्या लहान यंत्रांत तो बहुधा २० अंशांच्या आसपास असतो. अशा शंकूने १० मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापले जाते. बर्फासाठीच्या काही ट्रान्सड्यूसरचा कोन ९ अंशांचा असतो आणि त्याच खोलीवर त्याचे वर्तुळ दीड मीटरच्या थोडे वर भरते. ६० अंशांच्या रुंद शंकूने मात्र साडेअकरा मीटरचा पट्टा येतो.

रुंद शंकू चांगला, असे वरकरणी वाटेल. चालत्या कयाकमध्ये पाणी धुंडाळण्यासाठी तो चांगलाच आहे. पण तळ उताराचा असला, तर रुंद शंकूला उताराचा वरचा भाग आधी ऐकू येतो आणि त्याखालच्या खोलगट भागात तळालगत असलेले मासे तळाच्याच प्रतिध्वनीत लपून जातात. गंगरेलसारख्या जलाशयात पूर्वीची जमीन, बांध आणि नदीचे जुने पात्र पाण्याखाली गेलेले असते, म्हणजे उतारांची वाण नसते. शिवाय बर्फावर पाच माणसे शेजारी शेजारी बसली असतील, तर रुंद शंकूत शेजाऱ्याचा गळही दिसू लागतो आणि एकाच वारंवारतेची यंत्रे एकमेकांच्या चित्रात अडथळा आणतात. अशा ठिकाणी अरुंद शंकू आणि अडथळा कमी करणारी सोय यांची गरज भासते. यावर व्यवहार्य तोड म्हणजे दोन वारंवारतांचा, म्हणून दोन कोनांचा ट्रान्सड्यूसर: शोधताना रुंद कोन, थांबल्यावर अरुंद.

आता हेच गणित आपल्या माशांना लावून पाहू. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. २० अंशांच्या शंकूचा व्यास २ मीटर खोलीवर जेमतेम ७० सेंटिमीटर असतो. त्यामुळे वरच्या थरातील कटला यंत्राच्या हाती क्वचितच लागतो. मृगळ तळाच्या रेषेत मिसळून जातो. राहिला रोहू, जो मधल्या मोकळ्या पाण्यात स्पष्ट दिसतो. पडदा कोरा आहे म्हणून पाणी रिकामे आहे, असे समजणारा ग्राहक लवकरच यंत्राला दोष देऊ लागतो.

तळालगतचा मासा वेगळा दिसण्यासाठी स्पंद लहान असावा लागतो. एक दशसहस्रांश सेकंदाचा स्पंद पाण्यात सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या निम्म्याहून, म्हणजे साडेसात सेंटिमीटरहून जवळ असलेल्या दोन वस्तू एकच दिसतात. एका ठराविक वारंवारतेऐवजी वारंवारतांचा पट्टा वापरणारे ‘चर्प’ तंत्र ही मर्यादा बरीच खाली आणते. जाहिरातीतील ज्या थोड्या शब्दांसाठी जादा पैसे द्यावेत, त्यांत याचा समावेश करावा लागेल.

ट्रान्सड्यूसर लावावयाचा कोठे?

हवा ही या यंत्राची शत्रू आहे. बर्फावर ट्रान्सड्यूसर दोरीने भोकात सोडतात. तो पाण्यात अगदी सपाट टांगला गेला पाहिजे, अन्यथा शंकू तिरका जातो. भोक साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंदीचे असते, त्यामुळे आजूबाजूची छायाचित्रासारखी प्रतिमा देणारे लांबट ट्रान्सड्यूसर तेथे अडचणीचे ठरतात. दोन्ही बाजूंचे चित्र देणाऱ्या ‘साइड इमेजिंग’ला तर होडीची गती आवश्यकच असते. बर्फावर त्या सोयीचा काहीही उपयोग नाही.

प्लास्टिकच्या कयाकमध्ये ट्रान्सड्यूसर आतून तळाला चिकटविता येतो, कारण एकसंध प्लास्टिकमधून किंवा भरीव फायबरमधून ध्वनी पार होतो. मात्र चिकटविताना मध्ये बुडबुडा राहता कामा नये. तसेच असा कायमचा चिकटविलेला भाग हिवाळ्यात काढून बर्फावर नेता येत नाही. दोन्हीकडे वापरणाऱ्याने होडीच्या कडेला आखूड दांडा बसवून त्यावर ट्रान्सड्यूसर लावावा. लाकडी होडीत आतून चिकटविण्याचा प्रयत्न करूच नये. लाकडात हवा असते.

चेंडूसारखी पाण्यात फेकावयाची आणि मोबाइलवर चित्र पाठविणारी यंत्रेही मिळतात. त्यांना तार नाही, वेगळा पडदा नाही, त्यामुळे ती भोकातही सोडता येतात आणि कयाकमागे ओढतही नेता येतात. मात्र मोबाइलची बॅटरी कडाक्याच्या थंडीत झपाट्याने उतरते आणि दुपारच्या उन्हात त्याचा पडदा वाचता येत नाही. दुसरी अडचण आपल्याकडची आहे.

बॅटरी

चार-पाच इंची पडद्याचे साधे यंत्र १२ व्होल्टवर साधारण पाव ते अर्धा अँपिअर वीज घेते. आपल्याकडे संगणकाच्या लहान यूपीएसमध्ये असते ती ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी त्याला पुरते. तिची निम्मीच शक्ती वापरावी असा संकेत पाळला, तरी सात तासांपासून पुढे काम होते. वजन मात्र दोन किलोंहून अधिक असते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी सुमारे एक किलोत येते आणि अरुंद कयाकमध्ये हा फरक जाणवतो. थंडीत शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता घटते. लिथियमची बॅटरी शून्याखाली वापरता येते, पण शून्याखाली तिचे चार्जिंग करू नये. रात्री ती घरात आणावी लागते. रायपूरच्या उन्हाळ्यात उलटी काळजी घ्यावयाची असते: बंद मोटारीत बॅटरी ठेवून दिल्यास तिचे आयुष्य कमी होते.

गार्मिनने २०१८ मध्ये आणलेल्या ‘लाइव्हस्कोप’सारखी, माशाची हालचाल चलच्चित्रासारखी दाखविणारी यंत्रे याहून कितीतरी अधिक वीज घेतात आणि त्यांची किंमतही अनेक पटींनी जास्त असते. त्यांच्यामुळे मासेमारीत कौशल्य उरते का, हा वाद अमेरिकेत पेटला असून काही स्पर्धांनी २०२५ पासून अशा यंत्रांवर बंदी किंवा मर्यादा घातली आहे. हौसेखातर महिन्यातून दोनदा पाण्यावर जाणाऱ्याने या वाटेला न गेलेले बरे.

मग घ्यावे कोणते?

बर्फ आणि कयाक या दोन्हींसाठी चार ते पाच इंची पडदा, चर्प तंत्र, दोन कोनांचा सुटा ट्रान्सड्यूसर, फ्लॅशरचे चित्र आणि जीपीएस असलेले यंत्र पुरेसे ठरते. गार्मिनची स्ट्रायकर मालिका किंवा हमिनबर्डची हेलिक्स ५ ही या वर्गातील परिचित नावे आहेत. त्यांचे बर्फासाठीचे संचही निघाले आहेत. वेगळा ट्रान्सड्यूसर घ्यावयाचा असल्यास जोडणीच्या खुंट्यांची संख्या जुळते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. बीरगावच्या ग्राहकाने बर्फाची पिशवी आणि तरंगता ट्रान्सड्यूसर यांचा संच न घेता नुसते यंत्र घ्यावे. गंगरेल धरणाची उंची सुमारे ३० मीटर असल्याने पाण्याची खोली त्याहून कमीच राहते. शेकडो मीटर खोलीचा दावा करणाऱ्या यंत्राचे तेथे काही काम नाही. कोकणातील किनाऱ्यालगत ३०-४० मीटर पाण्यातही २०० किलोहर्ट्झ पुरते. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेला मात्र ५० किलोहर्ट्झची जोड लागते, कारण उंच वारंवारतेचा ध्वनी खाऱ्या पाण्यात लवकर विरतो.

यंत्राने दाखविलेली खोलीही तंतोतंत नसते. ध्वनीचा वेग गोठणबिंदूजवळच्या गोड्या पाण्यात सेकंदाला १४०० मीटरच्या थोडा वर, तर उबदार समुद्रात १५०० मीटरहून अधिक असतो. १५०० मीटर धरून चालणारे यंत्र बर्फाखालचे १० मीटर पाणी अर्ध्या मीटरने जास्त दाखविते. मासेमारीत एवढ्याने बिघडत नाही. मात्र पाय ठेवावयाचा बर्फ किती जाड आहे, हे मोजण्यासाठी हे यंत्र नाही. त्यासाठी भोक पाडून पट्टीच लावावी लागते. पायी चालणाऱ्यासाठी किमान १० सेंटिमीटर स्वच्छ, नव्या बर्फाचा थर असावा, असे मिनेसोटाचे नैसर्गिक संपदा खाते सांगते.

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या आणि जलाशयांतील मासेमारीला बंदी असते. माशांच्या प्रजननाचे हे दिवस असतात. महाराष्ट्राच्या सागरी किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलैपर्यंत बंदी असते. अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदारांकडे असतात. त्यामुळे कयाक पाण्यात लोटण्यापूर्वी त्यांची परवानगी आहे का, याची काठावरच चौकशी करून घ्यावी.