दुखरे मनगट आणि माउसचे पर्याय

लग्नसराई तोंडावर आली की अहिल्यानगरच्या छपाई दुकानांत पत्रिकांची आणि कापड बाजारातील जाहिरातींची एकच घाई उडते. पायाने चालणाऱ्या ट्रेडल यंत्राच्या काळी श्रम साऱ्या अंगाला वाटले जात. आता अक्षर, वेलबुट्टी, रंगसंगती असा सारा भार डिझायनरच्या उजव्या मनगटावर येतो. रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होऊ लागली, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता असते. मलम चोळत दिवस काढण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवणे श्रेयस्कर. कामाची रीत बदलणेही तितकेच आवश्यक.

आरंभ बिनखर्ची आहे. माउसच्या बटणांची सेटिंगमध्ये अदलाबदल करून तो डाव्या हाती घेता येतो. सुरुवातीस हात अडखळतो इतकेच. मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली असतात. म्हणजे टंकलेखन आणि माउस, दोन्ही एकाच हाताच्या माथी! मजकूर बोलून उतरवला तर त्यातला एक भार हलका होतो. गूगलने ही सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली. नावे मात्र डोळ्यांखालून घालावीत. पत्रिकेत व्याह्यांचे नाव चुकले तर ते दुखणे मनगटापेक्षा मोठे.

ट्रॅकबॉल ही पुढची पायरी. त्याचा सांगाडा स्थिर राहतो, केवळ गोळा फिरतो. ही कल्पना माउसहून जुनी. १९४६ साली राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलासाठी ती मांडली. अंगठ्याचे मूळ दुखत असल्यास बोटांनी फिरवायचा नमुना घ्यावा. पेन टॅब्लेट रेखाटनास उत्तम, पण पेन घट्ट धरणाऱ्याची तक्रार तशीच राहते. हात चालतच नसतील त्यांच्यासाठी पायाचे पेडल आणि मानेच्या हालचालीने बाण सरकवणारी साधनेही आहेत.

दिव्यांग कर्मचाऱ्यांना योग्य त्या सोयी देणे २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना बंधनकारक केले. चार माणसांच्या दुकानाला तो धाक नाही. तेथे हिशेबच मालकाला जागे करील. गिऱ्हाइकाची आवड ओळखणारा जुना डिझायनर ऐन सराईत घरी बसला तर होणारा तोटा आणि एका ट्रॅकबॉलची किंमत यांची तुलना कोणताही मुनीम करील. नोकरी जाईल या भीतीने माणूस दुखणे लपवतो, म्हणून मालकानेच आपण होऊन विचारावे. वस्तू मालकाच्या नव्हे, काम करणाऱ्याच्या हाताला बसली पाहिजे. तेव्हा आठ दिवस वापरून परत करण्याची बोली विक्रेत्याशी आधीच करून घ्यावी.