शेजारचें गिऱ्हाईक आणि आपला कांदा

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास जो कांदा येऊन पडतो, त्याचा भाव तेथील लिलावांतच ठरतो अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो ठरविण्यांत ढाका व कोलंबो येथील गिऱ्हाइकाचा, आणि दिल्ली व ढाका येथून निघणाऱ्या सरकारी हुकमांचाही मोठा वांटा असतो. हे हुकूम कोणत्या प्रकारचे असतात, त्यांचा भार शेवटीं कोणाच्या माथीं बसतो, आणि शेजारच्या राष्ट्रांशीं व्यापार करतांना शेतकऱ्यानें काय मागावें, याचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम मालाचा स्वभाव ध्यानांत घ्यावा. उन्हाळी कांदा चांगल्या चाळींत चार-पांच महिने राहतो. आपल्या पेठेंत हिंवाळ्यांत येणारा लाल कांदा मुख्यतः खरिपाचा व रांगडा असतो; तो टिकाऊ नसल्यामुळें काढल्यावर थोड्याच दिवसांत विकावा लागतो. अशा मालाच्या धन्यास ‘भाव नाहीं, तर थांबूं’ असें म्हणण्याची सोय नसते. म्हणून परदेशचें गिऱ्हाईक महिनाभर जरी दूर झालें, तरी त्याचा त्या वर्षाचा हिशेब बिघडतो.

निर्यात रोखण्याचीं तीन साधनें

देशांत कांदा महाग होऊं लागला म्हणजे सरकार तीन साधनें वापरतें. पहिलें साधन निर्यात शुल्क. ता. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं, म्हणजे ऐन खरीप लागणीच्या दिवसांत, कांद्यावर शेंकडा ४० शुल्क बसविण्यांत आलें. हें शुल्क परदेशी गिऱ्हाईक भरतें असें वाटतें. परंतु तसें क्वचितच घडतें. समजा, भाडें वगळून परदेशचें गिऱ्हाईक किलोस २४ रुपयांहून अधिक देण्यास तयार नाहीं. शेंकडा ४० शुल्क भरून त्या दरांत माल द्यावयाचा, तर व्यापाऱ्यास शुल्कापूर्वी सुमारें १७ रुपयेच धरतां येतात. उरलेले ७ रुपये तो कोठून काढणार? लिलावांत बोली कमी करूनच.

दुसरें साधन किमान निर्यात किंमत. ठरलेल्या दराखालीं माल बाहेर पाठवावयाचा नाहीं, असा हा नियम होय. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टनास ८०० डॉलर, म्हणजे किलोस सुमारें ६७ रुपये ठरविली गेली. दुसऱ्या देशाचा कांदा याहून स्वस्त मिळत असेल, तर हा नियम नांवाला किंमत व परिणामानें बंदीच ठरतो.

तिसरें साधन उघड बंदी. ती ता. ८ डिसेंबर २०२३ पासून अमलांत आली व प्रथम ३१ मार्च २०२४ पर्यंत ठेविली होती. सोलापूरच्या लाल कांद्याचा जवळजवळ सर्व हंगाम या मुदतींत सांपडला. मार्चमध्यें ती पुन्हा वाढविली गेली, व ४ मे २०२४ रोजीं उठली, तीही टनास ५५० डॉलर किमान किंमत व शेंकडा ४० शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्यें किमान किंमत रद्द होऊन शुल्क शेंकडा २० वर आलें, आणि तें १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकण्यांत आलें. दोन वर्षांहून कमी काळांत इतके फेरफार झाले. यांपैकीं कोणताही फेरफार रोप टाकतेवेळीं शेतकऱ्यास ठाऊक नव्हता.

शेजाऱ्याची बाजू

आतां शेजाऱ्याच्या घरांतून पाहूं. बांगलादेश हें आपल्या कांद्याचें फार मोठें गिऱ्हाईक. माल रेल्वेनें अथवा ट्रकांनीं पश्चिम बंगालमधील पेट्रापोल, महदीपूर, हिली इत्यादि नाक्यांवर पोंचतो व तेथून पलीकडे जातो. सप्टेंबर २०१९ मध्यें व पुन्हा सप्टेंबर २०२० मध्यें आपण एकाएकीं निर्यात बंद केली. दुसऱ्या खेपेस तर भरलेले ट्रक नाक्यांवर अडकून कांदा सडूं लागला. ज्याच्या स्वयंपाकघराची अशी कोंडी होते, तो दुसरें दुकान शोधणारच. बांगलादेशानें म्यानमार, ईजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान व चीन येथून कांदा आणविला, आणि स्वतःच्या शेतकऱ्यांस बेमोसमी कांदा लावण्यास उत्तेजन दिलें. त्यासाठीं वांटलेल्या बियाण्यांत आपल्याच निफाडची एन-५३ ही जात होती, हें विशेष होय.

पुढें त्याचीही पाळी आली. मार्च २०२३ मध्यें आपल्या शेतकऱ्यांचा नवा कांदा बाजारांत येतांच बांगलादेशानें आयातीचे परवाने थांबविले, ते जूनच्या आरंभीं पुन्हा सुरू केले. श्रीलंकाही स्वतःचें पीक निघण्याच्या वेळीं बाहेरच्या कांद्यावरील कर वाढवीत आली आहे. यांत त्यांस दोष देतां येत नाहीं. त्यांचा शेतकरी त्यांच्या सरकाराकडे तेंच मागतो, जें आम्ही आमच्या सरकाराकडे मागतों.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. निर्यात खुली म्हणजे भाव चांगलाच, असें नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें निर्यातबंदी नव्हती. तरी सोलापूरच्या पेठेंत एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्यास किलोमागें एक रुपया भाव मिळाला, आणि हमाली, तोलाई व भाडें वजा जातां त्याच्या हातीं २ रुपये ४९ पैसे उरले. आवक बेसुमार झाली कीं उघडी वाटही अपुरी पडते. परंतु अशा वर्षीं जुनें, विश्वासाचें गिऱ्हाईक किती उपयोगी पडलें असतें, हेंही त्यावरूनच कळतें.

करार आहेत, पण कशाचे?

शेजारी राष्ट्रांत करार नाहींत असें नाहीं. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार ६ जानेवारी २००४ रोजीं इस्लामाबाद येथें झाला व १ जानेवारी २००६ पासून अमलांत आला. श्रीलंकेशीं आपला निराळा करार मार्च २००० पासून चालू आहे. पण या करारांचा मुख्य रोख मालाच्या प्रवेशावरील जकात कमी करण्यावर आहे. शिवाय प्रत्येक राष्ट्रानें सवलत न देण्याच्या मालाची स्वतंत्र यादी राखली आहे. ज्याच्याजवळ माल आहे त्यानें दार एकाएकीं लावूं नये, असें बंधन त्यांत नाहीं. कांद्याचें दुखणें नेमकें तेथें आहे.

याच्या उलट तुरीचें उदाहरण पाहावें. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांतील शेतकऱ्यास तूर परकी नाहीं. देशांत डाळ कमी पडते म्हणून २०२१ सालीं सरकारनें म्यानमारशीं करार केला. त्यान्वये २०२१-२२ पासून पांच वर्षें दरसाल १ लक्ष टन तूर व अडीच लक्ष टन उडीद घेण्याचें ठरलें. म्हणजे म्यानमारच्या शेतकऱ्यास आपला माल किती व किती वर्षें खपेल हें पेरणीपूर्वी कळलें. त्यास हें अभय मिळालें याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सोलापूरच्या कांदेवाल्यासही तसेंच अभय असावें. याची वाट मोकळी आहे. डिसेंबर २०२२ मध्यें बांगलादेशानेंच कांदा, गहूं, तांदूळ इत्यादि जिनसांचा वार्षिक कोटा ठरवून मागितला होता.

काय मागावें, काय करावें

शहरांतील गरिबास कांदा परवडला पाहिजे, हें कोणीही नाकारणार नाहीं. त्यासाठीं राखीव साठा हें सरळ साधन आहे. २०२३ सालीं सरकारनें त्याचें प्रमाण ३ लक्षांवरून ५ लक्ष टनांवर नेलेंही. तेव्हां आपल्या मागण्या अशा असाव्यात: पहिली, हंगामाचें निर्यात धोरण रोप टाकण्यापूर्वी जाहीर व्हावें. दुसरी, निर्बंध घालणेंच पडलें तर आधीं सौदा झालेला व वाटेवर असलेला माल सोडावा. तिसरी, शेजारी राष्ट्रांस दरसाल द्यावयाचा किमान कांदा कराराने बांधून घ्यावा. टंचाईंतही तेवढा जावा, व मुबलकतेंत त्यांनीं तेवढा घ्यावा.

आपल्या हातींही कांहीं आहे. सर्व क्षेत्र एकाच आठवड्यांत न लावतां टप्प्याटप्प्यानें लावावें. पाणी पुरत असल्यास कांहीं भाग उन्हाळी कांद्याचा ठेवून चाळ बांधावी. आणि सीमेपलीकडचें पीक केव्हां निघतें, याची माहिती पावसाच्या अंदाजाइतक्याच आस्थेनें ठेवावी. पाऊस कोणाच्या हातचा नाहीं. हुकूम मात्र माणसांच्या हातचे आहेत, म्हणून ते वेळेवर कळावेत असा आग्रह धरणें हें आपलें काम आहे.