घरीं उघडलेल्या जीपची परीक्षा

मळवलीहून लोहगडवाडीस येणारा रस्ता भाजे गांव सोडल्यावर चढूं लागतो, तो लोहगड व विसापूर यांमधील गायमुख खिंडीपर्यंत मोटारीस विसांवा देत नाहीं. क्लच, गिअर आणि मागच्या चाकांस फिरविणारा लांब शाफ्ट यांची खरी परीक्षा अशा चढावर होते. १९४७ सालीं मुंबईस जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली. त्या वंशांतील जुन्या गाड्या अद्यापि कांहीं शेतकऱ्यांच्या पडवीस उभ्या दिसतात. त्यांची रचना सुटसुटीत असल्यामुळें हातीं पाना धरणारा मालक चैत्र-वैशाखांत, शेताचें काम कमी असतां, क्लचची प्लेट किंवा शाफ्टचा क्रॉस घरींच बदलतो. यांत गैर कांहींच नाहीं. मजुरी वांचते व आपली गाडी आपणांस कळते.

अडचण येते ती जोडणी झाल्यावर. पूर्वीं नसलेला आवाज येऊं लागतो, किंवा गाडी सुटतांना झटका देते. अशा वेळीं एक मालक घाबरून गिअरबॉक्सच उघडावयास बसतो, दुसरा म्हणतो, "चालते आहे ना, मग झालें!" पहिल्याचे पैसे जातात. दुसऱ्याची गाडी आषाढाच्या पावसांत, मागें आजारी माणूस निजविलेला असतां, नेमकी चढावर अडते.

महसूल खात्यांत आम्हां कारकुनांचा एक रिवाज असे. सात-बाराच्या उताऱ्यांत नवी चूक दिसली, कीं सारें दप्तर न उपसतां प्रथम शेवटची फेरफाराची नोंद काढून पहावयाची. मोटारीसही तोच न्याय लागू आहे. काल जेथें हात लागला तेथेंच आजचा दोष असण्याचा संभव अधिक. म्हणून पुन्हां पाना उचलण्यापूर्वीं कोणते भाग सोडले, कोणते बोल्ट काढले व कोणतें तेल ओतलें, याची यादी कागदावर मांडावी.

नंतर दोष कशाबरोबर वाढतो तें पहावें. गाडी उभी असतां केवळ इंजिनाचा वेग वाढविल्यानें थरथर होत असेल, तर मागील शाफ्ट निर्दोष आहे; तो त्या वेळीं फिरतच नाहीं. उलट, मोकळ्या सपाट रस्त्यावर थरथर सुरू झाली असतां गिअर न्यूट्रल केला आणि तरीही ती तशीच राहिली, तर इंजिन व क्लच यांस दोष देऊं नये. मग प्रश्न उरतो चाकाचा कीं शाफ्टचा. जुन्या जीपचा शाफ्ट चाकाच्या सुमारें चार-पांच पट फिरतो. म्हणून त्याची थरथर बारीक व जलद असते, चाकाची जाड व संथ.

शाफ्टच्या बाबतींत घरगुती दुरुस्तींत एक चूक फार होते, व तीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. क्रॉसच्या सांध्याचा अभ्यास सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें केला. हा सांधा वांकडा फिरत असतां पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां मागें रेंगाळतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोंकाचा सांधा हा चढउतार भरून काढतो. मात्र शाफ्टच्या दोन्ही टोंकांचे कांटे एका रेषेंत असले पाहिजेत. मधला दांतेरी सरकता भाग ओढून काढला व बसवितांना एक-दोन दांत चुकला, कीं ही भरपाई बिघडते. आमच्या भागांतील एका शेतकरी गृहस्थांनीं नवा क्रॉस बसविल्यावर गाडी चाळीस किलोमीटरच्या वेगास थरथरूं लागली. ते मागील हाउसिंग उघडण्याच्या बेतांत होते. शाफ्टवरील धूळ पुसतांच बाणाच्या दोन खुणा दिसल्या. त्या समोरासमोर नव्हत्या. पुष्कळ शाफ्टांवर अशा खुणा असतात. नसल्यास उघडण्यापूर्वींच रंगाचा ठिपका द्यावा. कमानपाट्या सोडल्या असतील तर त्यांचे यू-बोल्टही पहावे. ते ढिले राहिले, कीं हाउसिंगचा कोन बदलून हीच तक्रार उद्भवते.

क्लचचें निदान पायानें होतें. चढावर इंजिन ओरडतें, गाडी वेग घेत नाहीं व जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. बहुधा पेडलास मोकळी चाल ठेवलेली नसते, किंवा प्लेटीस तेलाचा हात लागलेला असतो. उलट, पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर खरखरत असेल, तर चाल फाजील आहे, किंवा प्लेट उलटी बसली आहे. गाडी पावसाळाभर उभी असल्यास प्लेट गंजून चिकटलेलीही असते. न्यूट्रलमध्यें पेडल दाबतांच आवाज सुरू होत असेल, तर तो क्लच सोडविणाऱ्या बेअरिंगचा. दाबतांच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाचा.

चारही चाकांस जोर देणारा दांडा लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेतल्यास गाडी अडखळते व दांडा अडकून बसतो. हा बिघाड नव्हे. पुढच्या व मागच्या चाकांचे फेरे वळणावर सारखे होत नाहींत, तो ताण सांठतो. गाडी थोडी मागें घेतली कीं दांडा सुटतो.

तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें व तें बदलावें. तेलांत लोखंडाचे तुकडे निघाले, किंवा गाडी ओढतांना एक व सोडतांना निराळा असा घरघराट हाउसिंगमधून आला, तर मात्र मिस्त्रीस गांठावें. तेथील दांत्यांचें अंतर अंदाजानें बसत नाहीं.

गाडीखालीं शिरतांना केवळ जॅकवर विसंबूं नये. भक्कम घोडे लावावे, जमिनीवरील चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड द्यावे. परीक्षा आधीं सपाट जागीं, ब्रेक पाहून, रिकाम्या गाडीनें करावी; खिंडीचा चढ ओझ्यासह नंतर. लोहगड २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेला आहे, व पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं या रस्त्यावर पाहुण्यांच्या मोटारींची रांग लागते. तेव्हां सोमवारची सकाळ बरी. पन्नासएक किलोमीटर चालल्यावर शाफ्टच्या दोन्ही टोंकांचे बोल्ट, गाडी निवाल्यानंतर, पुन्हां आंवळून पहावे.