लोणारची काच आणि मंगळावरची विहीर

आम्ही कवींनी दगडाला नेहमी मुका म्हटले. त्या चुकीची ही थोडी भरपाई.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी उभे राहिले, की काळ्या दगडाचे खांब सुमारे दोनशे फूट वर गेलेले दिसतात. हा बसाल्ट ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवरही बसाल्टातच आहे आणि मंगळाची बरीचशी भूमीही बसाल्टचीच आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. सगळा मुलूखच लाव्हाचा, म्हणून तेही ज्वालामुखीचे तोंड असावे, असे काहींना वाटे. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञांनी तळात छिद्रे पाडून खडक वर काढला, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट ही काच सापडली. एकाच तडाख्याच्या प्रचंड दाबाने स्फटिकाची अशी काच होते. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. म्हणजे इथे अशनी आदळला होता. गंमत अशी, की ही काच प्रथम ओळखली गेली ती १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत. तो दगड मंगळावरून आलेला होता, हे फार पुढे कळले.

मंगळावर मात्र खोल खणणार कसे? यंत्रगाडीजवळ कुदळ नसते. पण अशनीने विहीर आधीच खणून ठेवलेली असते. काठावरून जमिनीचे थर दिसतात. ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी सप्टेंबर २००६ मध्ये व्हिक्टोरिया विवराशी पोचली. ते लोणारच्या निम्म्याहूनही लहान. काठाकाठाने फिरून, उतार पारखून ती सप्टेंबर २००७ मध्ये आत उतरली आणि ऑगस्ट २००८ मध्ये बाहेर आली. थरांनी सांगितले ते असे: वाऱ्याने इथे वाळू साचवली आणि पुढे जमिनीखालच्या पाण्याने तिचे रूप पालटले. ९० दिवसांसाठी पाठवलेली ही गाडी २०१८ पर्यंत टिकली.

२०१७ साली मंगळावरच्या एका विवराला ‘लोणार’ हे नाव मिळाले. २०२० मध्ये आपल्या लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. गिल्बर्ट हिलभोवतीचा दगड मात्र खाणीत गेला आणि हा सुळका तेवढा उरला. फुटलेला दगड पुन्हा साक्ष देत नाही. मंगळावरचा दगड वाचायला गाडी पाठवावी लागते. अंधेरीचा वाचायला स्टेशनाहून रिक्षा पुरते. एकदा जाऊन या.