डोळा निर्दोष, तरी दृष्टी अधू

आई खुळखुळा समोर धरते. मूल तो घेण्यास हात पुढे करते, पण मान दुसरीकडे वळविते. पाहणारा म्हणतो, ‘याचे लक्षच नाही.’ सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या घरी हे दृश्य परिचयाचे आहे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा होऊन हालचालींवरील ताबा उणावतो, तो हा विकार. आपले लक्ष मुलाच्या ताठर हातापायांकडे जाते. डोळ्यांकडे सहसा जात नाही.

वास्तविक प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो आणि त्यांना आज्ञा मिळते ती मेंदूकडून. ती विस्कळीत झाली, की डोळे तिरळे होतात, थरथरतात किंवा एका वस्तूवरून दुसरीवर नजर नेण्यास विलंब लागतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. डोळा केवळ प्रतिमा घेतो; तिचा अर्थ मेंदू लावतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूतील पोकळ्यांलगतच्या भागास इजा होण्याचा संभव असतो. पायांना आज्ञा नेणारे आणि दृष्टीचा संदेश वाहणारे तंतू तेथूनच जातात. म्हणून पाय ताठरतात, तसेच कित्येकदा नजरेच्या खालच्या भागातले दिसेनासे होते आणि मूल पायरीवर अडखळते. खेळण्यांच्या ढिगात त्याला आपला चेंडू सापडत नाही. काही मुलांना पाहणे व हात पुढे करणे या दोन गोष्टी एकदम साधत नाहीत. मान वळते ती यामुळे; हट्टाने नव्हे.

स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू अशा मुलांस पुष्कळदा लवकर दिसते. जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश वैद्याने डोक्यास गोळी लागलेल्या सैनिकांत हेच पाहून १९१७ साली नोंदविले होते.

तेव्हा उपाय घरापासूनच सुरू होतो. मुलाच्या मानेस आधार द्यावा. साध्या, एकरंगी कापडावर एकच ठळक रंगाची वस्तू ठेवावी, ती किंचित हलवावी आणि थांबावे. उत्तरास वेळ लागतो. नेत्रवैद्याकडून तपासणी लवकर करवून घ्यावी. जवळचे पाहण्यासाठीही या मुलांना अनेकदा चष्मा लागतो. न दिसणाऱ्या मुलाला ‘मंद’ ठरविणे सोपे असते; पण तो शिक्का एकदा बसला, की पुसणे फार कठीण जाते.